नावे आणि जमा

अंबय्या चिट्याल यांच्या वह्या मी लिहिल्या, एकतीस वर्षं.
पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं,
"बी.कॉम. आहेस, पण कांडी भरता येते का?"
नाही म्हटलं. तरी ठेवून घेतलं.

अक्कलकोट रस्त्यावरची शेड तेव्हा नुकतीच गप्प झालेली.
चोवीस माग भंगारात गेले,
त्यांच्या पायांचे तेलकट चौकोन फरशीवर तसेच.
त्यावर पहिला सेट उभा राहिला : पोलीस चौकी.
पुढच्या आठवड्यात तिचंच मंगल कार्यालय झालं,
मग तुरुंग.
पत्रा तापून कडकडू लागला की साउंडवाला हात जोडायचा,
हिरॉईन कूलरच्या टाकीत पाय सोडून
शेंगाचटणीत कडक भाकरी चुरत बसायची,
आणि शेठ रिळं मोजायचे तेलुगूत,
शिव्या द्यायचे मराठीत,
उचल मात्र कुठल्याच भाषेत नाकारायचे नाहीत.

उचल. मागावरचा शब्द.
विणकराला सणाआधी द्यायची, मग मजुरीतून कापायची.
त्यांनी ती लेखकाला दिली, फायटरला दिली,
गड्ड्यावर मौत का कुआँ चालवणाऱ्या बशीरला दिली,
ज्यानं पहिल्याच शॉटला मोटारसायकल
आमच्या कॅमेऱ्यावर घातली.
"नावे टाक," म्हणायचे.
मी नावे टाकायचे.
कापायचं कोणीच नाही.
जमेची बाजू मे महिन्यातल्या शाळेसारखी.

सहा चित्रं काढली. चार पडली, एक तरलं,
आणि एक असं चाललं
की थिएटरचा मालक रोकड चादरीत बांधून घेऊन आला,
चादरही परत नेली नाही.

त्या एकावर मुंबईहून बोलावणं आलं.
चौदावा मजला, काच, दारावर पाटी : स्टुडिओप्रमुख.
टेबलावर त्यांनी जुना धोटा ठेवला,
लोक पेपरवेट समजायचे.
काम एवढंच : हो म्हणायचं किंवा नाही.
सहा वर्षांत हो अकरा,
नाही चारशे सात.
त्यातलं एक नाही साखर पेठेतल्या पोराचं.
त्याच्या गोष्टीत आई होती, दिवसाला हजार विड्या वळणारी,
झोपेतसुद्धा बोटं चालवणारी.
शेठनी ती रात्रभर वाचली.
सकाळी म्हणाले, "चांगली आहे. टाईप कर : नाही."
माझी आईही विड्याच वळायची.
मी बोलले नाही. पत्रात एकही चूक केली नाही.

मग एका शुक्रवारी त्यांनाच पत्र आलं.
तसंच, बिनचूक.

सोलापुरात परतल्यावर शेडमधले डबे उघडले.
शिरक्याचा वास. फिल्म पापडासारखी वळलेली,
एकच प्रिंट धड.
डब्यांमध्ये बसून ते म्हणाले होते,
"निर्मात्याचं नाव सगळ्यात आधी येतं पोरी,
तेव्हा लोक खुर्च्या शोधत असतात.
बॅटरीवाल्याची पाठ पडद्याकडे,
बाकीच्यांचे डोळे पायाखाली.
माझं नाव कोणी वाचलंय असं वाटत नाही."
तक्रार नव्हती. हिशेब सांगितल्यासारखं सांगितलं.

गड्ड्याचे पाळणे उतरवत होते त्या आठवड्यात ते गेले.
तेराव्यानंतर शेडमध्ये आम्ही ती प्रिंट लावली.
मी कोणाला कळवलं नव्हतं.
बशीर आला, लंगडत. फायटर आला, दात नसलेला.
हिरॉईनची बहीण आली, डबा घेऊन.
सगळे उचलवाले. वेळेआधी येऊन बसले.
अंधार झाला. नाव आलं.
पुढच्या सतरंजीवरच्या एका मुलीनं
मोठ्यानं, जोडाक्षरावर अडखळत, वाचलं :
अं ब य्या

रात्री वही काढली. तारीख घातली.
जमेच्या बाजूला लिहिलं : माणसं, त्रेसष्ट.
की चौसष्ट?
साखर पेठेतला तो, आता लग्नाच्या फिल्मा काढतो,
शेवटपर्यंत दारात उभा होता, चपला न काढता.
त्याला आत धरायचा की बाहेर, ठरेना.
बेरीज अजून पेन्सिलीत आहे.